नळाचे पाणी आणि पेन्शनरांचे औषधपाणी

श्रोतेहो, कऱ्हाडला अगदी लागून, पुणे-बंगळूर महामार्गावर मलकापूर वसले आहे. २००८ साली इथल्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि पुढे नगरपरिषद. एवढ्याशा गावाने चोवीस तास पाण्याची योजना करून दाखविली. घराघरांत मीटर बसले, वापर वाढेल तसा दर वाढेल अशी पट्टी ठरली, आणि मलकापूरचे नाव दूरवर गेले. ही गोष्ट कौतुकाचीच आहे.

पण नळ चोवीस तास चालतो तो काही आपोआप चालत नाही. पंपावर माणूस लागतो, गळती शोधायला माणूस लागतो, गटारे काढायला आणि पट्टी वसूल करायलाही माणूसच लागतो. ही माणसे एक दिवस थकतात, निवृत्त होतात. त्यांच्या म्हातारपणीच्या औषधपाण्याचे काय, हा आजचा माझा विषय. आणि हा प्रश्न एकट्या मलकापूरचा नाही, महाराष्ट्रातल्या प्रत्येक लहान नगरपालिकेचा आहे.

बांधकामाला पैसा मिळतो, कारण तो मागायला वाट आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांना जे अनुदान ठरविले, त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिले. हे योग्यच झाले. निवृत्तांच्या औषधोपचारासाठी मात्र असा बांधलेला पैसा नाही. शिवाय जलकुंभाचे उद्घाटन करता येते, फीत कापता येते. औषधाच्या गोळीचे उद्घाटन कोण करणार?

आता कुणी म्हणेल, सरकारी योजना आहेत ना? आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही आहे. मोठे दुखणे आले तर त्यांचा खरोखर आधार होतो. पण या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहेत. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, गुडघ्याचे औषध हा खर्च घरातूनच होतो. शिवाय कर्मचारी निवृत्त होतो ५८ व्या वर्षी, चतुर्थ श्रेणीतला ६० व्या. सत्तरी गाठेपर्यंत मध्ये दहा-बारा वर्षे जातात. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांना जुन्या पद्धतीची ठरलेली पेन्शन सहसा नाही. आणि जो ठेकेदाराकडे झाडू मारतो, त्याच्यामागे तर नगरपालिकेचा कागदही उभा राहत नाही.

साधा हिशेब करू. समजा, एका गावात चाळीस निवृत्त कर्मचारी आहेत आणि प्रत्येकाला महिन्याला हजार रुपयांचे औषध लागते. वर्षाचे झाले ४ लाख ८० हजार. रस्त्याच्या एखाद्या लहान कामाएवढीच ही रक्कम. आज ती डोळ्यांत भरत नाही, पण निवृत्तांची संख्या आणि औषधांच्या किमती वाढतच जाणार.

हा हिशेब मांडला नाही तर काय होते, ते अमेरिकेतील डेट्रॉइट शहराने पाहिले. त्या शहराने आपल्या निवृत्तांना औषधोपचाराचा शब्द दिला होता, पण त्यासाठी पुरेसा पैसा बाजूला ठेवला नव्हता. जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा एकूण देणे सुमारे १८ अब्ज डॉलर होते, आणि त्यात निवृत्तांच्या आरोग्याचा वाटा पाच अब्जांहून अधिक. त्यातला फार मोठा भाग पुढे कापला गेला. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आपल्याकडे असा शब्दच दिलेला नाही, म्हणून आपण सुरक्षित आहोत, असे समजू नये. न दिलेला शब्दही कुणाला तरी फेडावा लागतो. तो फेडतो निवृत्त माणूस, नाहीतर त्याचा मुलगा.

मग करावे काय? आजार केव्हा येईल हे सांगता येत नाही, पण निवृत्तीची तारीख प्रत्येकाच्या सेवापुस्तकात लिहिलेली असते. पुढल्या दहा वर्षांत किती जण निवृत्त होणार, याची यादी एका दुपारात तयार होईल. ती अंदाजपत्रकाला जोडावी. प्रत्येक नव्या कामाच्या खर्चाशेजारी त्याच्या वार्षिक देखभालीचा आकडा लिहावा, आणि त्याच पानावर निवृत्तांच्या औषधोपचारासाठी थोडी का होईना, पण दरवर्षी रक्कम बाजूला काढावी. ठेकेदाराच्या माणसांचा विमा भरला जातो की नाही, हेही तिथेच तपासावे.

यासाठी पट्टी थोडी वाढवावी लागेल, किंवा एखादा रस्ता वर्षभर पुढे ढकलावा लागेल. ते कुणालाच रुचणार नाही. पण मीटरने मोजून पाण्याचे दाम देणाऱ्या गावाला मोजमापाचे वावडे नसावे. तेव्हा श्रोतेहो, तुमच्या गावचे अंदाजपत्रक येईल तेव्हा एवढेच विचारा: या वर्षी नवे काय बांधणार, हे कळले, बांधलेले ज्यांनी चालविले, त्यांच्यासाठी काय ठेवले आहे?