ताना सरोवराकाठची शाळा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही २०१२ साली इथिओपियातील बाहिर दार या गावी विनावेतन इंग्रजी शिकविण्यास गेलो होतो. त्या वास्तव्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली आहे.

बाहिर दार हे ताना सरोवराच्या काठी वसले असून निळी नाईल नदी तेथूनच निघते. त्या देशात माध्यमिक शिक्षणाचे माध्यम इंग्रजी. त्यामुळे इंग्रजीत अडलेला मुलगा गणितातही अडतो.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. 'दोन वाजता या' असा निरोप होता. आम्ही जेवूनखाऊन दुपारी दोनला पोहोचलो, तो वर्ग केव्हाच सुटलेला! तेथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. फळ्यावर सालही २००५ होते, कारण त्यांचे पंचांग इंग्रजी सनाच्या सात-आठ वर्षे मागे चालते. सूर्योदयापासून घटिका मोजणाऱ्या आजोबांच्या नातवाने तरी असे फसावयास नको होते.

त्यांच्या अम्हारी लिपीत मूळ अक्षरे तेहतीस आणि प्रत्येकाची स्वरागणिक सात रूपे. लहान मुले ती तालावर घोकू लागली की आपल्या बाराखडीचीच आठवण व्हावी.

खरी अडचण आली ती हजेरीपटापाशी. आम्ही सवयीने आडनाव विचारले. मुलगा आपले नाव व वडिलांचे नाव सांगून थांबे. पुढे काय, म्हणून विचारावे तर आजोबांचे नाव सांगे. तेथे आडनाव ही वस्तूच नाही! आडनाव कानी पडताच गाव, कूळ आणि मामाचे घर सांगणारे वडीलधारे या सभागृहात बसले आहेत. त्यांचे तेथे काही चालले नसते.

एका शुक्रवारी एका विद्यार्थ्याच्या आजीने घरी बोलाविले. तेथील सनातनी ख्रिस्ती लोक बुधवारी व शुक्रवारी मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. तेव्हा आमची सोयच झाली. आंबोळीसारखी मोठी आंबट इंजेरा आणि वर शिरो, म्हणजे थेट आपले पिठलेच. सम्राट हैले सेलासी यांच्या काळी त्या देशात अनेक भारतीय शिक्षक होते. आजींनाही असेच एक शिक्षक होते म्हणे. ताट सर्वांस मिळून एकच. आजींनी एक घास वळला आणि आमच्या तोंडाशी धरला. यास गुर्शा म्हणतात. पाहुण्याचा तो मान.

आमच्या बाळपणी घरात परक्याच्या हातचे पाणीही चालत नसे, हे येथे कोणास सांगावयास नको. आम्ही क्षणभर थबकलो. आजींचा हात तसाच अधांतरी राहिला आणि घरातील सारी बोलणी थांबली. आजही त्या क्षणाची लाज वाटते. मग आम्ही तोंड उघडले. आजी हसल्या व लगेच दुसरा घास वळू लागल्या.

पुढे कॉफी झाली. हिरवे दाणे समोरच भाजावयाचे, कुटावयाचे, मातीच्या सुरईत उकळावयाचे, शेजारी धूप. कॉफी तीनदा होते आणि तिसरीपूर्वी उठणे बरे दिसत नाही. आम्ही उठलो तेव्हा अंधार पडला होता आणि त्यांच्या हिशेबाने रात्रीचा एक वाजला होता.