तडजोड की दावा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घरसंसारातली बाई. चारचौघींत उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही कोर्टात जाऊन आलात, ते सगळ्यांना सांगा." म्हणून उभी आहे. चुकलेमाकले पदरात घ्या.

माझे माहेर रोह्याचे, सासर पेणचे. माझ्या भावाची मुलगी इथे पेणलाच दिली, आणि दिली ती माझ्याच शब्दाने. तिचे नाव सांगत नाही. तिला विचारूनच हे बोलते आहे. तीन वर्षांत तिचा संसार विस्कटला. नवरा हातात पैसा देईना, दागिने सासूच्या कपाटात, माहेरी जायची बंदी. मारहाण नव्हती, पण मायाही नव्हती. पदरात एक मुलगा.

तेव्हा दोन्हीकडची वडीलधारी माणसे आमच्या ओटीवर बसली. चहापोहे झाले. "झाले गेले विसरा, मुलीने नांदायला जावे," असे ठरले. पोर आत माझ्याजवळ चुलीपाशी उभी होती. तिला कोणी काही विचारले नाही. मीही विचारले नाही. उलट ओटी भरून मीच तिला परत धाडली. आठ महिन्यांनी ती मूल कडेवर घेऊन, एका पिशवीनिशी माझ्या दारात आली. ती पिशवी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

भगिनींनो, त्या बैठकीला आपण तडजोड म्हणतो. पण जिच्या जन्माचा प्रश्न तीच जिथे बसलेली नाही, ती कसली तडजोड?

भाऊ संतापला. म्हणाला, "आता कोर्टातच खेचतो!" मला मात्र डॉक्टर रखमाबाईंची गोष्ट आठवली. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ साली नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. अपिलात तो फिरला. १८८७ साली हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन नवऱ्याने हक्क सोडला. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी कितीतरी वर्षे बायकांची सेवा केली.

म्हणजे कोर्टाच्या निकालाने त्या सुटल्या नाहीत, तडजोडीने सुटल्या. पण ती तडजोड झाली का? तर "नाही" म्हणण्याचे बळ त्यांच्याजवळ होते म्हणून. जी नाही म्हणू शकते, तिच्या होकाराला किंमत.

ते बळ आज कायद्याने आपल्याला दिले आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. आम्ही अलिबागला जाऊन अर्ज केला. वकीलबाईंनी आधी यादी करायला लावली: माहेरचे दागिने कोणते, भांडी कोणती, मुलाचा महिन्याचा खर्च किती. स्त्रीधन हे बाईचेच असते, आणि दावा चालू असतानाही पोटगी मागता येते, हे आम्हाला तेव्हा कळले.

दावा दाखल झाल्यावर न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले. आपल्या रोह्यात ज्यांचे बालपण गेले, त्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी दुर्गाबाई १९५३ साली चीनला जाऊन आल्या आणि घरगुती तंट्यांसाठी निराळी न्यायालये हवीत, असे सांगू लागल्या. १९८१ साली त्या वारल्या. १९८४ साली कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. आधी समेटाचा प्रयत्न करावा, असे त्यात सांगितले आहे.

मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांचे ऐकतो, एकेकाला निराळे बसवूनही ऐकतो. तिथले बोलणे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. जमले नाही तर दावा पुढे चालतो. दार बंद होत नाही. आमच्या मध्यस्थबाईंनी पहिला प्रश्न भाचीलाच केला, "बाळ, तुला काय हवे?" इतक्या दिवसांत तिला हे कोणी पहिल्यांदाच विचारले. ती रडली, आणि मग नीट बोलली.

चार बैठकांत ठरले. दागिने परत, एक ठरलेली रक्कम, मुलगा आईकडे. रविवारी आणि गणपतीत बापाकडे. सगळे कागदावर आले आणि परस्परसंमतीने घटस्फोट झाला.

मात्र मध्यस्थी सगळ्यांनाच लागू नाही. जिथे मारहाण आहे, धाक आहे, नवऱ्यासमोर बाईच्या तोंडून शब्द फुटत नाही, तिथे समेटाच्या नावाखाली तिला बसवू नये. तिने २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण मागावे. नवरा कमाई लपवीत असेल, तर कोर्टाच्या हुकमानेच कागद बाहेर काढावे. दाव्यात वर्षे जातात, पैसा जातो, हे खरे. पण भीतीने केलेली सही त्याहून महाग पडते. संमतीने झालेल्या हुकमावर सहसा अपील चालत नाही. म्हणून सही करण्याआधी वाचा, न समजल्यास दुसऱ्याकडून वाचून घ्या.

भाची आता रोह्याला भावाकडे असते, शिवणकाम करते. परवा मी तिला म्हटले, "पहिल्यांदा तुला परत धाडली, ती माझीच चूक." ती म्हणाली, "आत्या, दुसऱ्यांदा तुम्ही बरोबर आलात ना!"

तेवढेच मागणे आहे. कोणाची लेक अशी दारात आली, तर ओटी भरण्याची घाई करू नका. आधी तिला विचारा.