मोफत मिळते, म्हणून रुजते असे नाही



जिची घडण कोणालाही पाहता येते, बदलता येते आणि बदललेली प्रत इतरांना देता येते, ती मुक्तस्रोत आज्ञावली. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा असाच जगासमोर ठेवला. परवान्याचे शुल्क बहुधा नसल्यामुळे गरीब प्रदेशांनी ती सर्वांआधी स्वीकारली असेल, असे माझ्यासारख्या कला शाखेच्या पदवीधरास सहज वाटते. परंतु जेथे विकाऊ आज्ञावलीची चोरटी प्रत विनासायास मिळते, तेथे मोफतपणाचे अप्रूप ते काय? दोन्ही फुकट असतील, तर माणूस ओळखीचीच घेतो.

या दृष्टीने स्पेनमधील एस्त्रेमादुराचे उदाहरण मननीय आहे. पोर्तुगालच्या सीमेलगतचा हा प्रदेश त्या देशातील सर्वांत कमी उत्पन्नाच्या प्रदेशांपैकी एक. तेथील प्रादेशिक शासनाने २००२ मध्ये ‘लिनेक्स’ ही लिनक्सची स्वतःची आवृत्ती काढली आणि माध्यमिक शाळांत दोन विद्यार्थ्यांमागे एक संगणक देण्याचे धोरण अवलंबिले. परवान्यांवर जाणारा पैसा यंत्रांकडे वळविता आला. चित्रे करण्याच्या आज्ञावलीला तर त्याच भूमीत जन्मलेल्या सुर्बारान या चित्रकाराचे नाव दिले गेले. मला ही गोष्ट पैशाच्या बचतीहून मोलाची वाटते. परकी वस्तू त्यामुळे घरची झाली.

जर्मनीतील म्युनिक हे संपन्न शहर. तेथे प्रश्न पैशाचा नव्हता, एकाच विक्रेत्यावर विसंबून राहण्याचा होता. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांना भेटले, तरी नगरसभेने लिनक्सचाच निर्णय घेतला. पुढे हजारो संगणकांवर लिनक्स आले. नेतृत्व पालटले आणि २०१७ मध्ये परतीचा ठराव झाला. २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने पुन्हा मुक्तस्रोताचा पुरस्कार केला!

केरळात मात्र ही आज्ञावली शाळांत टिकली. तेथील शालेय माहिती तंत्रज्ञान प्रकल्प २००१ चा. लिनक्सकडे वळताना त्याने प्रशिक्षक बाहेरून आणले नाहीत; शिक्षकांतूनच घडविले. मल्याळम भाषेतून काम करण्याची सोय स्वयंसेवक सिद्ध करीत होतेच. २०१८ मध्ये ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थी मंडळे निघाली, आणि त्यांतून मुले मल्याळम संगणनाबरोबर यंत्रांची जुळणी व दुरुस्तीही शिकू लागली.