रान माजलेले परडे



मला आज शेतीवर बोलायला सांगितले आहे. शेतीतले मला काय कळते? अवघी हयात खडू आणि फळा यांत गेली. तुम्ही जन्माचे शेतकरी. मी तुम्हांला शेती शिकवू लागलो तर ही पुढे बसलेली म्हातारी माणसे हसतील. म्हणून मी माझ्या परड्याची हकिकत सांगतो. तिच्यात माझ्या चुका पुष्कळ आहेत. हसायचे तेथे खुशाल हसा.

नोकरी संपली आणि मी गावच्या घरी राहायला आलो. आई गेल्यापासून अकरा वर्षे घराला कुलूप होते. घरामागे चार गुंठ्यांचे परडे. आई होती तेव्हा तेथे लिंबू होते, कढीपत्ता होता, अळू होते, घेवड्याचा मांडव होता. मी मागचे दार ढकलले तर ते उघडेना. पलीकडून घाणेरी दाराला टेकून उभी होती. कशीबशी फट केली आणि डोकावलो. लिंबाचे झाड कोठे आहे तेच दिसेना. सगळीकडे रान. पुरुषभर उंचीचे.

दसरा होऊन गेला होता. पाऊस नुकताच सरला होता. मी बाजारातून कोयता, खुरपे आणि फावडे आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. पायात सपाता, अंगात बंडी, हातात नवा कोयता! समोर येईल ते तोडत सुटलो. दोन तासांत एका खाटेएवढी जागा मोकळी झाली आणि माझ्या दोन्ही हातांना फोड आले.

शेजारची आक्का कुसवापलीकडून पाहत होती. ती म्हणाली, "गुरुजी, काठी कुठं हाय तुमची?"

मी म्हणालो, "काठी कशाला? अजून चालता येतंय मला."

"चालायला न्हवं. आदी काठी आपटायची, मग हात घालायचा. आन् सपाता घालून कुणी रानात शिरतं व्हय?"

मी हसण्यावारी नेले. शिकलेल्या माणसाला असा एक रोग असतो. आपल्याला सगळे कळते असे त्याला वाटते.

तिसऱ्या दिवशी पेरूच्या झाडाखाली पाचोळ्याचा ढीग लागला. मी वाकून दोन्ही हातांनी तो ओढू लागलो. तेवढ्यात शिट्टीसारखा आवाज आला. मला वाटले, कोणाच्या तरी घरी कुकर झाला. आक्का मात्र ओरडली, "गुरुजी, मागं सरा! हात काढा!"

मी मागे पडलोच. पाचोळ्यात घोणस वेटोळे घालून बसली होती. माझ्या हातापासून दीड वीत. अंगावर तपकिरी गोल ठिपक्यांच्या ओळी, पण पाचोळ्यात त्या मुळीच वेगळ्या दिसत नव्हत्या. घोणस पळत नाही, एका जागी बसून फुत्कारते. तो फुत्कार मी ऐकला होता, पण त्याचा अर्थ मला येत नव्हता. आक्काला येत होता.

शेजारच्या गावातून साप धरणारा मुलगा बोलावला. त्याने ती धरून नेली. मी ओट्यावर बसून पाणी प्यालो. मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला. हुशार होता. ऐन पंचविशीत त्याला गवत कापताना घोणस चावली. घरच्यांनी त्याला आधी देवळात नेले, मग मांत्रिकाकडे. दवाखान्यात नेईपर्यंत पाच तास गेले होते. तो वाचला नाही. त्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो होतो आणि मान खाली घालून परत आलो होतो. त्याला सात वर्षे मी शिकवले, पण साप चावल्यावर काय करावे ते एकदाही सांगितले नव्हते. म्हणून आज तुम्हांला सांगतो. नीट ऐका.

आपल्याकडे बहुतेक जीव चार सापांमुळे जातात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चारही सापांच्या विषावर एकच लस आहे. ती सरकारी दवाखान्यात मिळते. दुसरा उतारा नाही. चावल्याजागी चिरा देऊ नये, चोखू नये, दोरीने घट्ट आवळू नये. घोणशीचे विष आधीच मांस नासवते. त्यात दोरी आवळली तर हातपाय गमावण्याची वेळ येते. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये. काठीचा आधार देऊन सैल बांधावा. बाईमाणूस असेल तर बांगड्या, जोडवी लगेच उतरवावीत, कारण पुढे सूज येते. माणसाला चालवू नये. साप शोधण्यात वेळ घालवू नये. १०८ नंबरला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने सरळ दवाखाना गाठावा. देवाला नवस बोलायचा तर गाडीत बसून बोलावा!

असो. दुसऱ्या दिवशी मी बूट घातले, हातमोजे घातले, काठी घेतली. आणि आक्काला म्हणालो, "आक्का, आता तुम्ही गुरुजी आणि मी पोरगा. सांगा काय करायचं."

ती म्हणाली, "आदी कोयता खाली ठेवा. कुठलं काय हाय ते बगा."

मग आम्ही एकेक झाड ओळखत फिरलो. घाणेरी मी बुंध्याशी छाटली होती. तिला खालून डझनभर फुटवे आले होते! ही घाणेरी आपली नव्हे. १८०९ च्या सुमारास इंग्रजांनी कलकत्त्याच्या बागेत ती फुलांसाठी लावली. आता डोंगरच्या डोंगर तिने व्यापले आहेत. गुरांनी खाल्ली तर त्यांना कावीळ होते. ती वरून छाटून मरत नाही. जमिनीखाली दोन-तीन बोटे, बुंध्याच्या गाठीखाली, मूळ तोडावे लागते. मग झुडूप उपटून मुळे वर करून ठेवायचे. तसे केले तेव्हा ती मेली.

गाजरगवताची गोष्ट याहून वाईट. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी पांढरफुली. हेही परदेशचे. पुण्यात ते आढळल्याची नोंद १९५६ साली छापली गेली, आणि आज ते नाही असे गाव सापडत नाही. मी ते फुलावर असताना उघड्या हातांनी उपटले. आठ दिवस कोपरापर्यंत खाज सुटली होती. वर शहाणपणा असा की उपटलेले सगळे उकिरड्यात टाकले. एका झाडाला हजारो बिया. पुढच्या पावसात उकिरड्यातले खत मी वाफ्यांत घातले, आणि वांग्यांच्या आधी गाजरगवत उगवले! ते फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. पावसाळ्यात त्याच्या पानांवर काळ्या रेघांचा एक भुंगेरा दिसतो. तो १९८४ साली आपल्या देशात मुद्दाम सोडला आहे. त्याला मारू नका. तो आपल्या बाजूने आहे.

लव्हाळ्याने तर मला रडवले. फावड्याने मी त्याचे तुकडे केले. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या असतात. माळ तुटली की एकेका गाठीतून नवा कोंब येतो. म्हणजे मी लव्हाळा काढत नव्हतो, पेरत होतो. चैत्रात आक्काने मला जमीन खणून गाठी उन्हात उघड्या टाकायला लावल्या. बऱ्याच वाळल्या. सगळ्या वाळल्या असे मी म्हणत नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती सांगताना अजून लाज वाटते.

पहिल्याच दिवशी विहिरीकडच्या कोपऱ्यात मी खणले होते. तेथे रुंद पानांची, पिवळी पडत चाललेली रोपे होती. मला ती निकामी वाटली. खालचे कंद निघाले ते मी कुसवापलीकडे, गटाराजवळ, फेकून दिले. आक्काला हे कळले तेव्हा ती काही बोलली नाही. उठली आणि गटाराकडे गेली. पदरात कंद वेचून आणले. एक कंद मोडून माझ्या नाकापुढे धरला. कैरीचा वास आला.

"ही तुमच्या आईची आंबेहळद. दार बंद झालं तवापासनं आमी कुसवावरनं यायचो. मार लागला, पाय मुरगळला की अख्खी आळी हितनंच न्यायची. दर साली मी चार कंद परत पुरायची. मोडू दिली न्हाई."

मला आईचा पदर आठवला. लहानपणी मी झाडावरून पडलो तेव्हा गुडघ्याला हाच लेप होता, हाच वास होता. मी चौथीच्या पुस्तकातली झाडे मुलांना शिकवली. घरच्या कोपऱ्यातले हे एक ओळखले नाही.

कंद ओल्या मातीत सावलीला ठेवले. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर आक्काने आणि मी ते पुन्हा लावले. अठरा लावले, चौदा उगवले.

आज परड्यात लिंबू मोकळे झाले आहे. त्याच्यावरची गुळवेल आम्ही अर्धी ठेवली आहे, कारण ती काढ्यासाठी लोक मागायला येतात. वांगी, मिरची, दुधीभोपळा होतो. कुसवाला एक फाटक बसवले आहे. त्याला कुलूप नाही. मागच्या शनिवारी आक्काने त्या फाटकावर खडूने लिहिले, 'काठी आपटून आत या.' ती दोन वर्षांपूर्वी याच वर्गात अक्षरे शिकली. 'आपटून' मधला पकार तिने दोनदा पुसून पुन्हा काढला.

पेरूच्या पलीकडचा एक कोपरा अजून तसाच आहे. आक्का म्हणते, थंडी सरली आणि पाचोळा पुरता वाळला की मग हात लावायचा. आम्ही थांबलो आहोत.