आधी जमीन, मग यंत्र



आजचा विषय ऐकून कुणी गालातल्या गालात हसेल. घरातला केर ओढून घेणारी आणि फरशी पुसणारी विजेची यंत्रे हा तो विषय. ती घ्यावीत का, आणि घ्यायचीच तर कोणती? विषय शहरातल्या दिवाणखान्याचा वाटतो. पण आज आपण तो मुद्दाम आहुपे गावी नेऊ.

आहुपे हे आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाचे, सह्याद्रीच्या अगदी कड्यावरचे गाव. घोडेगाव मागे टाकावे, डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वर चढत जावे, की शेवटी गाव लागते. पुढे जमीनच संपते. आहुपे घाटाने उतरले की मुरबाड तालुक्यातले खोपिवली. इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. पावसाळ्यात भात, नाचणी, वरई करावी आणि हंगामात हिरडा गोळा करून विकावा, असा इथला संसार. पाऊस आणि धुके असे, की चार महिने घरातली ओल हटत नाही.

अशा गावातले एक घर आपण डोळ्यांपुढे आणू. घर कुणाचेही समजा. आत दोन खोल्या जुन्या. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली भुई, कोपऱ्यात चूल. पुढची पडवी मात्र नव्याने बांधलेली, तिला गुळगुळीत फरशी. मुलगा चाकणला कारखान्यात आहे. दिवाळीचा बोनस हाती आला आहे. आईची कंबर धरते, झाडताना खोकल्याची उबळ येते, हे त्याने पाहिले आहे. तो म्हणतो, "आये, आवंदा तुला केर काढायची मशीन घेतो. वायर नाही, काही नाही. नुसती फिरवायची."

आई म्हणते, "घे बाबा. पर तिला ही भुई चालंल का, ते आधी इचार."

श्रोतेहो, दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न त्या माउलीने विचारला आहे. आजच्या भाषणाचे सारही तेच आहे. यंत्र निवडताना आधी जमीन पाहावी, मग वाकणारी पाठ पाहावी, आणि यंत्राकडे सगळ्यांत शेवटी पाहावे.

मुळात हे यंत्र करते काय? चुलीजवळची फुंकणी आठवा. फुंकणीतून आपण वारा बाहेर घालतो. या यंत्रात त्याच्या उलट होते. आतला पंखा वेगाने फिरून हवा मागे फेकतो, आतल्या हवेचा दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा तोंडातून आत धावते. धावताना धूळ, केस, खडे बरोबर घेऊन येते. केर एका भांड्यात साठतो, बारीक धूळ गाळणीत अडते, आणि हवा बाहेर पडते. यालाच व्हॅक्यूम क्लीनर म्हणतात.

1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनियराने असे यंत्र केले. ते इतके अवजड होते, की घोडे जुंपून रस्त्यावर आणून उभे करावे लागे आणि खिडकीतून लांब नळ्या आत सोडाव्या लागत. घरात हाताने फिरवता येईल असे यंत्र करणाऱ्याची हकिकत मात्र आपल्या विषयाच्या जास्त जवळची आहे. अमेरिकेतल्या ओहायो प्रांतात जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक झाडलोट करणारा माणूस होता. त्याला दम्याचा विकार. झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बेजार होई. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडून आपल्यापुरते यंत्र केले. 1908 साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. म्हणजे घरगुती यंत्राचा जन्म झाला तो झाडणाऱ्याच्या छातीला आराम मिळावा म्हणून. आपणही ते त्याच कसोटीवर पारखू या.

आता जमिनीकडे वळू. सारवलेल्या भुईवर यंत्र चालवू नये, मग ते कोरडे असो की ओले. शेणातले तंतू माती धरून ठेवतात, म्हणून सारवलेल्या जमिनीची धूळ उडत नाही. कोरड्या यंत्राच्या तोंडाशी जोराने फिरणारा ब्रश असतो. तो सारवणाचे पापुद्रे उखडून काढील. ओल्या यंत्राने तर आज सारवलेले उद्या टाकीत चिखल होऊन जमा होईल. तिथे शिंदीची मऊ केरसुणी आणि झाडण्यापूर्वी पाण्याचा हलका शिपका हाच उपाय खरा. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो, ती काही उगाच नव्हे.

खडबडीत कोबा किंवा रुंद सांध्यांची शहाबादी फरशी असेल, तर कोरडे यंत्र चालते. सांध्यांतली धूळही ते ओढून घेते. ओल्या यंत्राचा रोलर मात्र खळग्यांत पोचत नाही. गुळगुळीत फरशीवर दोन्ही चालतात.

पण थांबा. चालते म्हणजे लागतेच असे नाही. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्र, स्वयंपाकाच्या जागेसह, 25 चौरस मीटर धरलेले आहे; म्हणजे सुमारे 270 चौरस फूट. एवढी जागा झाडायला दहा मिनिटे पुरतात. त्रास होतो तो वाकण्याचा आणि उकिडवे बसून पुसण्याचा. त्यावर स्वस्त उपाय आहे. केरसुणीला लांब दांडा बांधावा, आणि उभ्याने पुसता येईल, बादलीतच पिळता येईल असा मॉप घ्यावा. काही शेकड्यांत काम होते. यंत्राला काही हजार लागतात, आणि उंची यंत्र तीस-चाळीस हजारांच्याही पुढे जाते. हिरड्याच्या हंगामाची कमाई एका वस्तूत घालण्यापूर्वी हा हिशेब पाटीवर मांडून पाहावा.

मग यंत्र कुणी घ्यावे? घरात दम्याचे माणूस आहे, गोधड्या-गाद्यांतली धूळ काढायची आहे, फरशी मोठी आहे, किंवा भटकंतीला येणाऱ्या पाहुण्यांची सोय करून घर चार पैसे मिळवते आहे, तिथे त्याचा खरा उपयोग. अशांनी दुकानात काय पाहावे, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट, खोक्यावरचे आकडे. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खाते. केर किती ओढते ते नव्हे. पास्कल हा आकडा ओढीचा जोर सांगतो. पण नुसता जोर पुरत नाही, हवाही भरपूर वाहावी लागते. बैल ताकदीचे आणि मोट लहान असली, तर पाणी थोडेच निघणार. म्हणून आकड्यांवर विसंबू नका. दुकानदाराला जमिनीवर मूठभर तांदूळ आणि चिमूटभर पीठ टाकून यंत्र चालवायला सांगा. पीठ एका फेरीत उचलले गेले, तर यंत्र कामाचे.

दुसरी गोष्ट, मिनिटे. बिनवायरचे यंत्र बॅटरीवर चालते. चाळीस मिनिटे असे लिहिलेले असते, ते बहुधा सर्वांत मंद वेगावर. पूर्ण जोर लावला की तीच बॅटरी दहा मिनिटांच्या आसपास दम टाकते. तेव्हा पूर्ण वेगावर किती, हे विचारा.

तिसरी, बॅटरी काढून बदलता येते का? लिथियमच्या बॅटरीचा दम साधारण तीनशे ते पाचशे वेळा चार्ज केल्यावर कमी होऊ लागतो. रोज चार्ज केली तर वर्ष-दीड वर्षात फरक जाणवतो. बॅटरी आतच डकवलेली असेल, तर तिच्याबरोबर सारे यंत्र अडगळीत जायचे. चार्जिंग चुलीपाशी किंवा उन्हात करू नये, आणि चार्जर यंत्राबरोबरचाच वापरावा. विजेच्या बिलाची मात्र भीती नको; मध्यम बॅटरी एका युनिटमध्ये बारा-पंधरा वेळा चार्ज होते. वादळवाऱ्यात वीज गेली, तरी आधी भरून ठेवलेली बॅटरी कामाला येते, हा बिनवायरचा डोंगरी गावातला मोठा फायदा.

चौथी, गाळणी. दमेकऱ्यासाठी घेत असाल तर 'हेपा' गाळणी आहे का ते पाहा. 0.3 मायक्रॉनच्या कणांपैकी 99.97 टक्के कण अडवणे ही तिची कसोटी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाळणी धुण्याजोगी असेल, तर धुतल्यावर चांगली खडखडीत वाळवून मगच बसवावी. पावसाळ्यात तिला दोन-दोन दिवस लागतील. आणि भांडे रिकामे करायचे ते घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून. आणि ते दमेकऱ्याने करू नये.

पाचवी, वजन. हाती धरून चालवायचे कोरडे यंत्र दीड ते तीन किलो भरते. ओले यंत्र चार-पाच किलोंचे असते, शिवाय आत पाणी. ज्या माणसासाठी घ्यायचे, त्याच्या हातात देऊन पाहा. मुलाच्या मनगटाला हलके वाटलेले यंत्र आईच्या मनगटाला हलके वाटेलच असे नाही.

आता ओल्या यंत्राविषयी थोडे. त्याला दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची, दुसरी घाण पाण्याची. फिरणारा रोलर ओला होऊन फरशी घासतो, आणि घाण पाणी लगेच ओढून घेतले जाते. मळक्या बादलीतले फडके पुन्हा फरशीवर फिरत नाही, हा त्याचा गुण. पाणीही लिटरभरापेक्षा कमीच लागते. पावसाळ्यात धो धो पाऊस पडणाऱ्या डोंगरमाथ्यावर उन्हाळ्यात हंडा डोक्यावरून आणावा लागतो, तिथे हा गुण लहान नव्हे.

पण त्याची एक खोड आहे. काम झाल्याबरोबर घाण पाणी ओतून टाकावे लागते, टाकी विसळावी लागते आणि रोलर धुऊन वाळवावा लागतो. आहुप्याच्या श्रावणात जिथे धोतर आठ दिवस वाळत नाही, तिथे रोलर कसा वाळणार? ओलाच ठेवला की त्याला वास येतो, बुरशी धरते, आणि तीच आपण फरशीभर फिरवतो. म्हणून दोन रोलर मिळत असतील तरच ते यंत्र घ्यावे, आणि पावसाळ्यात साध्या मॉपवरच भागवावे, हे बरे.

एक इशारा सर्वांनाच. चुलीची राख यंत्राने कधीही ओढू नका. राखेच्या पोटात निखारा असतो. तो आत गेला तर यंत्र पेटू शकते. गार राखही गाळणी बुजवते. कोरड्या यंत्राने पाणी ओढू नये. आणि दुरुस्ती मंचरला होते की पुण्याला पाठवावे लागते, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे.

शिक्षक मित्रांनो, आपल्यासाठी दोन शब्द. मुलांना हे यंत्र समजावून द्यायला यंत्राची गरज नाही. बूथची एक गोष्ट सांगतात. त्याने रुमाल खुर्चीच्या गादीवर ठेवला, त्यावर ओठ लावून श्वास आत ओढला, आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटलेला पाहिला. मुलांना असे करू न देता फक्त गोष्ट सांगा, आणि हवा कुठून कुठे गेली ते फळ्यावर काढायला लावा. घराची लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ काढायला सांगा, आणि घरात रोज कोण किती वेळ वाकते तेही लिहून आणायला सांगा. गणित होईल, आणि गणिताबाहेरचेही काही मुलांच्या ध्यानात येईल. वर्ग झाडताना आधी पाणी शिंपडावे, खिडक्या उघडाव्यात आणि धूळ बसेपर्यंत मुलांना बाहेर ठेवावे.

आता आपल्या त्या घराकडे परत जाऊ. मुलाने पडवी मोजली, ती चौदा फूट बाय आठ फूट भरली. ओल्या यंत्राचा विचार त्याने सोडला. पडवीसाठी लांब दांड्याचा मॉप आणला आणि केरसुणीला दांडा बांधला. आईच्या खोकल्यासाठी आधी तिला दवाखान्यात नेले. कारण धूळ हे एक कारण असते, चुलीचा धूर हे दुसरे, आणि तिसरे डॉक्टरच सांगू शकतो. खोकला धुळीचाच ठरला, तर गोधड्यांसाठी बॅटरी बदलता येणारे, हलके, हेपा गाळणीचे कोरडे यंत्र घ्यायचे, म्हणून उरलेले पैसे बाजूला ठेवले.

आई म्हणाली, "बरं केलंस. पर मशीन आली, तर चालवायची कुणी?"

मुलगा हसला. "मी असेन तवा मी."

श्रोतेहो, संत गाडगेबाबा गावात आले की आधी हाती खराटा घेत आणि मग रात्री कीर्तन करीत. 1956 साली ते गेले. झाडणे हे हलके काम नाही आणि एकट्या बाईचे तर नाहीच, हे त्यांनी स्वतः वाकून दाखवले. यंत्राने पाठीचे दुखणे कमी होत असेल, तर ते जरूर घ्यावे. पण ज्या घरात दुसऱ्या कुणाचा हात केरसुणीला लागत नाही, तिथे उद्या यंत्रालाही तिचाच हात लागणार. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी घरची जमीन नीट पाहा, आणि त्या जमिनीवर रोज कोण वाकते तेही पाहा.