वेगळे राज्य की पक्का हक्क?

(लोहारा येथे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सप्टेंबर महिन्यातील लागोपाठच्या दोन तारखा एकाच प्रश्नाकडे बोट दाखवितात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडने स्वतंत्र राष्ट्र व्हावे की नाही, याचा कौल तेथील जनतेकडून घेण्यात आला. सोळा वर्षांवरील नागरिकांना मताधिकार होता, सुमारे ८५ टक्के मतदान झाले आणि सुमारे ५५ टक्के मते ब्रिटनमध्येच राहण्याच्या बाजूने पडली. स्वतंत्र होण्याचा हक्क असणे ही एक गोष्ट आणि तो हक्क वापरणे हिताचे असणे ही दुसरी, हा भेद त्या चर्चेत स्पष्ट झाला.

मराठवाड्यात हा भेद फार पूर्वीच समजला होता. १९४७ साली निजामालाही हैदराबाद स्वतंत्र ठेवायचे होते; परंतु ते स्वातंत्र्य सिंहासनाचे होते, प्रजेचे नव्हते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या जनतेने ते धुडकावले. तेव्हा वेगळेपणाचा प्रश्न निघाला की 'कोणाचे वेगळेपण आणि कोणासाठी' असा प्रतिप्रश्न विचारणे ही मुक्तिसंग्रामाचीच शिकवण होय. वेगळ्या मराठवाडा राज्याची मागणी आज अधूनमधून पुढे येते. तिची उपेक्षा करणे जितके चुकीचे, तितकेच ती भावनेच्या भरात उचलून धरणेही चुकीचे आहे.

या मागणीमागची तक्रार खरी आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, मराठवाड्याच्या मागासलेपणामुळे त्याकडे विशेष लक्ष दिले जाईल आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल, असे नमूद होते. १९५६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) मध्ये वैधानिक विकास मंडळांची तरतूद झाली. पुढे काय घडले? १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीशी तुलना करून सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य इत्यादी क्षेत्रांतील अनुशेष मोजला. तो राज्यभरात सुमारे ३,१८७ कोटी आणि त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी रुपये निघाला. घटनेने १९५६ साली सांगितलेली मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडावे लागले, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली तेव्हा ती वाढविण्यात आली नाही. करार मोडला, असे कोणी म्हटले तर त्याला खोटे ठरविता येणार नाही.

वेगळेपणाच्या बाजूला वैचारिक आधारही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली भाषिक राज्यांवर लिहिताना मराठी प्रदेशाची चार राज्ये सुचविली होती. मराठवाड्यासह खानदेश, नाशिक, अहमदनगर यांचे मध्य महाराष्ट्र हे त्यांतील एक होते. शिवाय तेलंगणाचे उदाहरण समोर आहे. तेलंगणा आणि मराठवाडा ही एकाच निजामी राज्यातील भावंडे. १९५६ साली तेलंगणालाही करार करूनच आंध्रात घेतले गेले, तोही करार पाळला गेला नाही, आणि २ जून २०१४ रोजी तेलंगणा वेगळा झाला. मग मराठवाड्याने का होऊ नये?

याचे उत्तर भावनेत नाही, अर्थशास्त्रात आहे. तेलंगणा वेगळा झाला तो हैदराबाद शहर घेऊन, म्हणजे जुन्या राज्याच्या महसुलाचे सर्वांत मोठे केंद्र घेऊन. मराठवाड्याचे 'हैदराबाद' मात्र मुंबई-पुण्यात आहे. रोजगार हमी योजनेचे उदाहरण घ्यावे. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली ही योजना मुख्यतः व्यवसायकरावर चालली, आणि जमा होणाऱ्या रकमेइतकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची होती. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा मराठवाड्यातील खडी फोडणाऱ्या मजुराच्या हाती पडत होता. हे उपकार नव्हेत. ज्या गावांतून माणसे गिरण्यांत, बंदरांत आणि बांधकामांवर गेली, त्या गावांचा मुंबईच्या संपत्तीत वाटा आहे. सीमा आखली की तो वाटा मागण्याचे ठिकाणच नाहीसे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. त्या वेळी पुनर्वसनाचा भार केवळ मराठवाड्याच्या तिजोरीवर असता तर काय झाले असते, याचा विचार लोहाऱ्यात तरी वेगळा सांगावा लागू नये.

दुसरा मुद्दा पाण्याचा. गोदावरीची वरची धरणे नाशिक-नगर भागात आहेत. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यामुळे तुटीच्या काळात समन्यायी वाटपाचे तत्त्व लागू झाले, २०१६ साली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि वरून विरोध होत असतानाही जायकवाडीत पाणी सोडावे लागले. कृष्णेचे पाणी धाराशिव जिल्ह्यात आणण्याची रेंगाळलेली योजनाही सोलापूर जिल्ह्यातील उजनीवरच अवलंबून आहे. माकणीचा निम्न तेरणा प्रकल्प कोरड्या वर्षी किती आधार देतो, हे या तालुक्याला ठाऊक आहे. आज हा वाद एका राज्यातील दोन भागांचा आहे. त्यासाठी एक कायदा आणि एक न्यायालय आहे. उद्या तो दोन राज्यांचा झाला की लवाद आला. कावेरी लवाद १९९० साली नेमला गेला आणि त्याचा अंतिम निवाडा २००७ साली आला. सतरा वर्षे वाट पाहण्याइतके पाणी येथील विहिरींत नाही.

तिसरा मुद्दा अधिक अवघड आहे. वेगळ्या राज्यात सत्ता कोणाकडे जाईल? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मराठवाड्याच्या अस्मितेचे नाव घेऊन दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ पर्यंत थांबावे लागले. प्रदेशावरील अन्यायाची भाषा बोलणारेच घरातील अन्यायाकडे पाठ फिरवू शकतात, हे त्या सोळा वर्षांनी दाखविले. जमीन, साखर कारखाने, बँका आणि शिक्षणसंस्था ज्या थोड्या घराण्यांच्या हाती आहेत, त्यांना नवी राजधानी म्हणजे जवळ आलेली सत्ता. ऊसतोडीसाठी दरवर्षी गाव सोडणाऱ्या कुटुंबाला मात्र तिच्यातून काय मिळणार, हे कोणीच सांगत नाही.

तर मग आहे तसेच चालू द्यावे काय? मुळीच नाही. निजामी राज्याचे तिसरे भावंड लोहाऱ्यापासून फार दूर नाही. बिदर, कलबुर्गीसह हैदराबाद-कर्नाटकासाठी २०१२ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(ञ) आले. विकास मंडळ आणि त्याचा वार्षिक अहवाल यांबरोबरच शिक्षणातील जागा व शासकीय नोकऱ्या यांत स्थानिकांसाठी आरक्षणाचा मार्ग मोकळा झाला. तेथील सगळे प्रश्न सुटले असे नव्हे; पण विनंतीच्या जागी हक्क आला. स्कॉटलंडमध्येही मतदानाच्या तोंडावर ब्रिटिश पक्षांनी वाढीव अधिकारांचे वचन दिले होते. ते २०१६ च्या कायद्यात उतरविण्यात आले. पुरे की अपुरे, यावर तेथे वाद आहे. परंतु वादासाठी निदान कायद्याचा मजकूर हाती आहे.

मराठवाड्याची मागणी याच दिशेने जावयास हवी. कलम ३७१(२) खालील मंडळ मुदतीच्या मेहेरबानीवर न ठेवता कायमचे करावे आणि निधी अन्यत्र वळविण्यास मनाई असावी. समन्यायी पाणीवाटप दरवर्षी आंदोलन न करता अमलात यावे. अनुशेष जिल्ह्याऐवजी तालुक्याच्या पातळीवर मोजावा, कारण जिल्ह्याच्या सरासरीत लोहाऱ्यासारखे तालुके हरवतात. आणि तालुक्यातही भूमिहीन, दलित व स्त्रिया यांच्यापर्यंत काय पोहोचले याची वेगळी नोंद असावी. ज्या वार्षिक अहवालाचे आश्वासन १९५३ साली दिले गेले, तो ग्रामसभेत वाचला जावा.

एकत्र राहण्याचा सल्ला देणाऱ्यांवरही एक जबाबदारी येते. मुंबईच्या महसुलातील वाटा आणि गोदावरी-कृष्णेचे पाणी ही एकत्र राहण्याची कारणे आहेत. ती कागदावरच राहिली तर कारणेच उरणार नाहीत, आणि मग वेगळे होऊ पाहणाऱ्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही राहणार नाही. महाराष्ट्राची एकता मराठवाड्याच्या सोशिकतेवर टिकवायची नसून हिशेबाच्या सचोटीवर टिकवायची आहे. तो हिशेब मागणे हे मुक्तिसंग्रामाचे राहिलेले काम आहे.