पाचशे कॅसेट आणि एक गिटार
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला होता, 'आजची तरुण पिढी आणि संगीत'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी संगणक क्षेत्रात नोकरी करणारा माणूस. घरी थोडीफार गिटार वाजवतो आणि आपल्या सुगम संगीताच्या कार्यक्रमात साथीला बसतो, एवढाच माझा संगीताशी संबंध. तेव्हा समितीची परवानगी घेऊन मी विषय बराच लहान करून घेतला आहे. आज एकाच मुलीबद्दल बोलणार आहे. तिचे नाव अ‍ॅनी डिफ्रँको. आपल्यापैकी बहुतेकांनी ते ऐकले नसेल, आणि त्यात काही बिघडले नाही.

तिचीच निवड का, ते आधी सांगतो. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या मंडळातल्या काही आईवडिलांनी मला बाजूला घेऊन साधारण एकच प्रश्न विचारला आहे. मुलगा किंवा मुलगी स्वतः गाणी लिहिते, गिटारवर गाते, आता अल्बम काढायचा म्हणते. कोणीतरी कंपनी करारावर सही मागते आहे. सही करावी का? नाही केली तर पुढे काय? हे प्रश्न विचारताना त्यांच्या आवाजात जी काळजी असते ती मला कळते, कारण मलाही मुलगा आहे. 'करिअर की छंद' असल्या गुळगुळीत चर्चेने ती काळजी जात नाही. म्हणून म्हटले, एखादा घडलेला दाखला नीट पाहू या.

बफेलो हे गाव आपल्यातल्या पुष्कळांनी ओझरते पाहिले असेल. नायगारा पाहायला जाताना तिथल्या विमानतळावर उतरतात, आणि गाव न बघताच पुढे जातात. मी २००३ साली कंपनीच्या कामासाठी काही महिने जवळच्या रोचेस्टरला होतो, तेव्हा तिथे चार-पाच वेळा गेलो. ईरी सरोवराच्या काठी वसलेले, धान्याच्या प्रचंड कोठारांचे आणि पोलादाचे हे जुने शहर. १९८०च्या दशकात पोलादाचा मोठा कारखाना जवळजवळ बंद पडला आणि गावाची रया गेली. गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. अ‍ॅनी याच गावात १९७० साली जन्मली.

नऊ वर्षांची असताना तिची मायकेल मेलड्रम नावाच्या गावातल्याच एका लोकगायकाशी गाठ पडली. तो तिला आपल्याबरोबर कॉफीहाउस आणि बारमध्ये गायला घेऊन जाऊ लागला. नऊ वर्षांची मुलगी आणि बार! आपल्याकडे घरात महाभारत झाले असते. पण रीतसर गुरू न म्हणता गुरूने शिष्याला मैफिलीत मागे बसवावे, तसाच हा प्रकार होता. बाहेरगावचे गायक-कवी बफेलोला आले की या मुलीला त्यांना जवळून ऐकता येई. चौदा-पंधराव्या वर्षी ती स्वतःची गाणी लिहू लागली. आईवडील विभक्त झाले होते, आई दुसऱ्या राज्यात राहायला गेली, आणि पंधराव्या वर्षी ही मुलगी कायद्याने स्वतःची पालक ठरून बफेलोतच राहिली. म्हणजे घरभाडे आणि जेवण हे प्रश्न तिला गाण्याइतकेच जुने. पुढचे तिचे निर्णय समजून घ्यायचे तर हे लक्षात ठेवावे लागते.

१९९० साली, विशीच्या उंबरठ्यावर, तिने बफेलोतल्याच एका स्टुडिओत पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला. अल्बमला दुसरे काही शीर्षक नाही, तिचेच नाव. मुखपृष्ठावर जवळजवळ मुंडण केलेल्या तिच्या डोक्याचा कृष्णधवल फोटो. आत फक्त आवाज आणि अकूस्टिक गिटार, म्हणजे वीज न लागणारी, पोकळ लाकडाची गिटार. ड्रम नाही, कीबोर्ड नाही. त्याच्या पाचशे कॅसेट काढल्या. आणि त्या काढायला कोणतीतरी कंपनी हवी, म्हणून कागदोपत्री स्वतःचीच एक कंपनी उघडली. तिचेच नाव पुढे 'राइचस बेब रेकॉर्ड्स' झाले. कंपनी म्हणजे काय, तर पाचशे कॅसेट आणि ती स्वतः.

आता थोडे व्यवहाराचे बोलू, कारण खरा मुद्दा तिथे आहे. मोठी रेकॉर्ड कंपनी नव्या कलावंताला सही करताना आगाऊ रक्कम देते. ऐकणाऱ्याला वाटते, बक्षीस मिळाले. पण ती असते उचल. आपल्या मराठवाड्यातला ऊसतोड मजूर मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतो आणि मग फड तोडून ती फेडत बसतो, अगदी तसेच. स्टुडिओचा खर्च, बऱ्याचदा व्हिडिओचा आणि दौऱ्याचाही खर्च कलावंताच्या वाट्याला येणाऱ्या रॉयल्टीतून आधी वळता होतो. तो फिटेपर्यंत विक्रीतून त्याच्या हाती फारसे काही पडत नाही. आणि उचल फिटली तरी मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला 'मास्टर' म्हणतात, ते बहुधा कंपनीच्याच मालकीचे राहते. गृहकर्जाचे सगळे हप्ते फेडावेत आणि घर बँकेच्याच नावावर राहावे, असे हे आहे. कंपन्या लबाड असतात असे मी म्हणत नाही. दहा नवे गायक घ्यायचे, त्यातले आठ-नऊ बुडीत जाणार हे गृहीत धरायचे, हा त्यांच्या धंद्याचा हिशेब आहे. पण सही करणाऱ्याला तो हिशेब माहीत असावा.

अ‍ॅनीला पुढे मोठ्या कंपन्यांकडून विचारणा झाली. तिने सगळ्यांना नाही म्हटले.

त्या पहिल्या अल्बमविषयी ऐकणारा म्हणून माझे मत सांगतो. तो सगळाच चांगला नाही. काही गाणी अर्धी बोलल्यासारखी वाटतात, काही ठिकाणी शब्द इतके दाटीने येतात की चाल त्यांच्याखाली चेपते. पण 'बोथ हँड्स' हे पहिलेच गाणे ऐका. एका तुटत आलेल्या नात्याबद्दल आहे. त्यात गिटार साथ करत नाही, बरोबरीने बोलते. तिची वाजवण्याची पद्धत वेगळी आहे. तारा नेहमीपेक्षा निराळ्या सुरांत लावायच्या, बोटांनी छेडता छेडता गिटारवर आघातही करायचा, म्हणजे ताल वेगळा लागतच नाही. इतक्या जोरात वाजवल्यावर नखे टिकणार कशी? म्हणून ती नकली नखे लावून त्यांवर वीजवाल्यांची काळी चिकटपट्टी गुंडाळते. सतारवादकाची नखी आपण पाहिलेली असते. हा तिचा घरगुती मिजराब.

याच अल्बममध्ये 'लॉस्ट वुमन साँग' नावाचे गाणे आहे. कोवळ्या वयात गर्भपाताच्या दवाखान्यात जाण्याचा अनुभव त्यात आहे, दाराबाहेर घोषणा देणाऱ्या लोकांसकट. उत्सवाच्या मंडपात हा विषय काढावा की नाही, असा विचार मनात आला होता. पण इथे बसलेल्या मुलींच्या आयांना मी काय म्हणतो ते समजेल. विशीतल्या मुलीने हे गाणे पहिल्याच कॅसेटमध्ये घातले आणि कोणाला विचारावे लागले नाही. कॅसेट तिची होती ना.

त्या पाचशे कॅसेट खपल्या कशा? कार्यक्रम संपला की पेटी उघडून, हातोहात. आपल्याकडे कीर्तनानंतर बुवांच्या कॅसेट विकायला टेबल मांडलेले असायचे, त्याचीच आठवण होते. कॉलेजांमधून, लहान क्लबांतून, लोकसंगीताच्या महोत्सवांतून ती स्वतः गाडी चालवत फिरली. विद्यार्थी एकमेकांच्या कॅसेटवरून नकला करून घेत. त्यात पैसा बुडाला, पण पुढच्या गावात ती पोचण्याआधी तिची गाणी पोचलेली असत. कंपनीला तिने टोल-फ्री फोन ठेवला होता. त्याचे आकडे डायलवरच्या अक्षरांत वाचले की '१-८०० ऑन हर ओन' असे होत, म्हणजे 'तिची ती'. मला हा विनोद फार आवडतो.

जवळपास दरवर्षी एक अल्बम येत गेला. १९९७चा 'लिव्हिंग इन क्लिप' हा कार्यक्रमांतल्या ध्वनिमुद्रणांचा जोड-अल्बम अमेरिकेत 'गोल्ड' ठरला. त्याच वर्षी 'मिस' या स्त्रीवादी मासिकाने तिचे कौतुक करताना हिशेब मांडला: तिला दर प्रतीमागे त्या काळी तुफान खपणाऱ्या हूटी अँड द ब्लोफिशपेक्षा जास्त पैसे मिळतात. आपण असतो तर कात्रण फ्रेम करून दिवाणखान्यात लावले असते. तिने संपादकांना लांबलचक पत्र लिहून नाराजी कळवली. आशय असा की, मी कंपनी काढली ती गाणी माझी राहावीत म्हणून, आणि तुम्ही मला मोजता डॉलरमध्ये. माझ्या थडग्यावर कंपनीची प्रमुख असे लिहू नका, गाणी करणारी असे लिहा. मुलांच्या पॅकेजच्या आकड्यांवर चालणाऱ्या आपल्या गप्पांमध्ये ते पत्र कोणीतरी मोठ्याने वाचायला हवे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हा मार्ग स्वस्त नाही. वर्षानुवर्षे ती वर्षातला मोठा काळ रस्त्यावर होती. सगळ्याच नव्या गायकांना ते झेपणार नाही, आणि तिच्यासारखी गाणी सगळ्यांकडे असतात असेही नाही. दुकानांपर्यंत माल पोचवायला तिलाही वितरक लागलेच. फक्त मालकी तिने सोडली नाही. शिवाय ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो २००४ साली, आणि तोही 'इव्हॉल्व्ह' या अल्बमच्या वेष्टनाच्या सजावटीसाठी! गाण्यांसाठी नामांकने पुष्कळ झाली, पण ती नुसतीच झाली.

मात्र ती कंपनी टिकली आणि दुसऱ्यांच्या उपयोगी पडली. बफेलोतले एक जुने पडायला आलेले चर्च तिने वाचवले आणि तिथे कार्यक्रमांचे सभागृह उभे केले. अ‍नाईस मिचेल या गायिकेचा 'हेड्सटाउन' हा अल्बम २०१० साली राइचस बेबनेच काढला, आणि त्यातली पर्सेफनी अ‍ॅनीने गायली. त्याचेच पुढे ब्रॉडवेवर संगीतनाटक झाले, त्याला २०१९ मध्ये सर्वोत्कृष्ट संगीतनाटकाचा टोनी पुरस्कार मिळाला. २०२४ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, अ‍ॅनी ब्रॉडवेवर त्याच पर्सेफनीच्या भूमिकेत उभी राहिली.

आता ज्यांनी मला प्रश्न विचारले त्यांच्यासाठी दोन शब्द. आज कॅसेटची जागा मोबाइलने घेतली आहे. घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण होते, आणि थोड्या शुल्कात गाणे जगभर पोचवणारे वितरक आहेत. त्यामुळे अल्बम काढायला कंपनी लागतेच असे नाही. लागते ती बहुधा प्रसिद्धीसाठी. सही करायचीच असेल तर मास्टर कोणाचे, किती वर्षांसाठी, आणि उचल कशाकशातून वळती होणार, हे तीन मुद्दे वकिलाकडून वाचून घ्या. आपल्या देशात २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा आपल्या रचनेच्या रॉयल्टीतला हक्क आता करारानेही कंपनीला देऊन टाकता येत नाही. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत हिरिरीने बोलले होते. मुलांनी स्वतः लिहिलेल्या गाण्यांची 'आयपीआरएस' या संस्थेकडे नोंदणी करावी. आपल्या मंडळाच्या मंचावर पहिल्यांदा गायलेले गाणेसुद्धा त्यात आले.

आरतीला अजून पंधरा-वीस मिनिटे आहेत. मी ती जुनी सीडी आणली आहे, बफेलोतल्या एका दुकानातून घेतलेली. ध्वनिक्षेपकावर बसलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना विनंती, आवाज थोडा कमी ठेवा, नाहीतर गिटारचे आघात फुटतात. पहिले गाणे लावू या.